हुकलेले अध्यापकपद आणि करकायद्याची वाट

विद्यार्थी मित्रहो, एका मुलाखतीत अपयश आले की सर्व दरवाजे बंद झाले, असे आपणांस वाटते. पालकही खचतात. अशा वेळी नानी पालखीवाला यांचे चरित्र अवश्य आठवावे.

16 जानेवारी 1920 रोजी मुंबईतील एका सामान्य पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पालख्या बनविण्याच्या पिढीजात धंद्यावरून हे आडनाव पडले. लहानपणी ते बोलताना अडखळत. इंग्रजी घेऊन एम. ए. झाल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी अर्ज केला. परंतु ती जागा एका तरुणीस मिळाली. तोवर बहुतेक अभ्यासक्रमांचे प्रवेश संपले होते, म्हणून ते शासकीय विधि महाविद्यालयात दाखल झाले.

पुढे सर जमशेदजी कांगा या नामवंत कायदेपंडितांच्या हाताखाली त्यांनी वकिली सुरू केली. प्राप्तिकराचा कायदा म्हणजे आकडे आणि कलमांचे जंगल. पालखीवालांनी तोच विषय निवडला. 1950 मध्ये कांगांसमवेत लिहिलेला त्यांचा प्राप्तिकरावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अवघे 30 वर्षांचे होते. वकील व न्यायाधीश दोघेही तो ग्रंथ प्रमाण मानू लागले.

त्यांच्यातील शिक्षक मात्र लोपला नाही. विधि महाविद्यालयात त्यांनी काही काळ शिकविले. 1958 पासून ते दरवर्षी अर्थसंकल्पावर जाहीर व्याख्यान देत. एका हॉटेलच्या छोट्या सभागृहात सुरू झालेल्या या व्याख्यानास पुढे ब्रेबोर्न स्टेडियम भरू लागले. लहानपणी अडखळणारा मुलगा तो हाच!

वाचकहो, कराचा आणि आपल्या हक्कांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संविधानाचे कलम 265 सांगते की, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता वा वसूल करिता येत नाही. म्हणजे करकायद्याच्या मुळाशी प्रश्न एकच : शासनाच्या सत्तेची सीमा कोठे? हाच प्रश्न 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. 1974 च्या अहमदाबाद सेंट झेवियर्स कॉलेज खटल्यात कलम 30 चा, म्हणजे अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्था चालविण्याच्या हक्काचा, अर्थ नऊ न्यायाधीशांनी स्पष्ट केला. आपल्यासारख्या संस्थांना तो निकाल मोलाचा आहे.

2002 मध्ये पालखीवाला निवर्तले. पालकांनो, आपल्या मुलाची एक जागा हुकली तर त्याला दोष देऊ नका. मित्रहो, जो विषय वाट्यास येईल त्याच्या तळाशी जा. ज्ञानाची वाट तेथूनही निघते.