दहा मिनिटांचं अंतर

सोमवार, १३ मार्च २००६, सकाळी ८. लंडनचं नॉर्थविक पार्क रुग्णालय. त्याच्या आवारातल्या पॅरेक्सेल कंपनीच्या चाचणी केंद्रात आठ धडधाकट तरुण. सहा जणांना टीजीएन१४१२ हे नवं औषध मिळणार, दोघांना औषधाविना द्रव. मोबदला प्रत्येकी दोन हजार पौंड. औषध मिळालेले सहाही जण आज रात्री अतिदक्षता विभागात असतील.

पहिली मात्रा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, तीन ते सहा मिनिटांत शिरेतून. माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेचा हा पाचशेवा भाग. कागदावर सगळं ठीक.

सुमारे ८:१०. दुसऱ्याची पाळी. पहिल्याचं काय झालं, हे इतक्यात कळायला मार्गच नाही. वेळापत्रकात प्रत्येकी सुमारे दहा मिनिटांचं अंतर धरलं होतं. ते कुणी ठरवलं यापेक्षा त्यावर कुणीच अडलं नाही, हे मला जास्त खुपतं.

८:२०, ८:३०, ८:४०. काम वेळेवर चाललं आहे. शरीराची रीत मात्र इतक्या घाईची नाही. रोगप्रतिकारक यंत्रणेतली डेंड्रायटिक पेशी जंतू गिळते, त्याचे बारीक तुकडे करते आणि एखादा तुकडा आपल्या अंगावर मांडून लसिका ग्रंथीत येते. ही ग्रंथी म्हणजे वर्धा जिल्ह्यातला जामचा चौक समजा: नागपूर, हैदराबाद, चंद्रपूर, सगळीकडची वाहतूक तिथे येऊन मिळते. टी पेशी येतात, तुकडा चाचपतात, पुढे जातात. एखादीच्याच ग्राहीत तो नेमका बसतो. तेवढ्यानेही ती कामाला लागत नाही. तिच्या सीडी२८ या रेणूला डेंड्रायटिक पेशीकडून दुसरा इशारा मिळावा लागतो.

टीजीएन१४१२ थेट सीडी२८लाच भिडतं. तुकडा नको, ओळख नको. वुर्झबर्गच्या टेजेनेरो कंपनीचा हेतू भला होता: संधिवातात शरीराच्या प्रतिकाराला आवर घालणाऱ्या टी पेशी वाढवायच्या.

सुमारे ९. सर्वांत आधी औषध घेतलेल्यांची डोकी ठणकू लागतात. मात्रा मिळाल्यापासून ५० ते ९० मिनिटांत प्रत्येकाचं हेच. मग कंबर भरून येते, मळमळ, जुलाब, अंग लाल. रक्तदाब उतरतो. थांबवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. औषध सहाही जणांच्या रक्तात आहे.

दुपारी १२ ते १. पहिल्या तासातच चढलेल्या टीएनएफपाठोपाठ सायटोकाइन नावाची इतर रसायनंही उसळली आहेत. ज्यांनी एकेकट्याने पारख करून उठायचं, त्या टी पेशी सरसकट उठल्या आहेत.

रात्री ८ ते मध्यरात्रीनंतर. फुफ्फुसांना इजा, मूत्रपिंडं निकामी होऊ लागलेली, रक्त शिरांतच गोठतं आहे. एकेक करून सहाही जण अतिदक्षता विभागात.

मंगळवार, सकाळी ८. भडकलेल्या टी पेशींसह लिम्फोसाइट आणि त्यांच्यासोबत मोनोसाइट पेशी रक्तातून जवळपास नाहीशा.

सहाही जण वाचले. दोघांचे अवयव यंत्रांच्या आधारावर ठेवावे लागले, एकाचे ८ दिवस, दुसऱ्याचे १६. एकाची पायाची बोटं गेली.

डिसेंबर २००६. या प्रकरणानंतर नेमलेल्या गॉर्डन डफ यांच्या समितीचा अहवाल: अशा औषधाची पहिली मात्रा एकालाच द्या, आणि वाट पाहा.

२०१०. ब्रिटिश संशोधकांना माकडांचं कोडं उलगडतं. माणसांत ज्या स्मृती टी पेशी भडकल्या, मॅकाक माकडांतल्या त्याच प्रकारच्या पेशींवर सीडी२८ नव्हताच.