लॉर्ड रिपन : एक कॅथलिक व्हाइसरॉय

हिंदुस्थानचे पहिले कॅथलिक व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा जन्म १८२७ सालीं लंडन येथें पंतप्रधानांच्या निवासस्थानीं झाला; वडीलच त्या वेळीं पंतप्रधान होते. अशा कुळांतील पुरुषाकडे मानाच्या जागा चालत येत. मंत्रिपद मिळालें, मार्क्विस ही पदवी मिळाली, इंग्लंडांतील फ्रीमेसनांचें प्रमुखपदही मिळालें. तें प्रमुखपद सोडून १८७४ सालीं ते कॅथलिक झाले, तेव्हां राजकारणांतील त्यांचे दिवस संपले असें अनेकांस वाटलें. त्याच वर्षीं ग्लॅडस्टन यांनीं कॅथलिकांच्या राजनिष्ठेविषयीं शंका घेणारी पुस्तिका लिहिली; आणि १८८० सालीं त्यांनींच रिपन यांस इकडे धाडिलें!

येथें १८८१ सालीं मोठ्या कारखान्यांत ७ वर्षांखालील मुलें कामास लावण्यास बंदी झाली. (ही मर्यादा आम्हांस तोकडी वाटते, पण पूर्वीं तीही नव्हती.) १८८२ सालीं देशी वृत्तपत्रांवरील लिटन यांचा जाचक कायदा रद्द झाला, आणि म्युनिसिपालिट्यांत लोकनियुक्त सभासदांस वाट मिळाली. १८८३ च्या इल्बर्ट बिलानें मात्र रिपन यांची कसोटी पाहिली. मोफसलांत हिंदी न्यायाधीशापुढें गोऱ्या आरोपीनें उभें राहावें, एवढीच गोष्ट. पण गोरे व्यापारी व मळेवाले खवळले, आणि १८८४ सालीं आरोपीस निम्मे गोरे ज्यूरर मागण्याचा हक्क देऊन तडजोड झाली. ही माघारच होती, असें आम्हांस वाटतें. तरी त्याच डिसेंबरांत मुंबईकरांनीं त्यांस निरोप देण्यास रस्ते भरून टाकिले.

१९०८ सालीं लंडनच्या युखॅरिस्तिक परिषदेच्या मिरवणुकींत पवित्र साक्रामेंत नेण्यास सरकारनें हरकत घेतली. ऐंशी वर्षांच्या रिपन यांनीं पुढच्याच महिन्यांत मंत्रिपद सोडिलें.