गुपचूप दुरुस्ती आणि उघड पत्र

१९५३ सालच्या ब्युइक गाड्यांना जनरल मोटर्सने पॉवर ब्रेक दिले होते. त्या ब्रेकच्या सिलिंडरमध्ये एक रबरी रिंग होती. ती निकामी झाली की ब्रेक ऑइल निसटायचे आणि पेडल दाबले की थेट तळाला टेकायचे. कंपनीच्या हे लवकरच लक्षात आले. तिने डीलरांकडे दुरुस्तीचे किट पाठवले आणि सांगितले की गाडी कुठल्याही कामासाठी आली तरी हे बदलून टाका, खर्च आम्ही देऊ. ज्यांच्या दारात त्या गाड्या उभ्या होत्या त्या मालकांना मात्र एक ओळही लिहिली नाही. जानेवारी १९५४ मध्ये मिशिगन राज्यातल्या एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये एक मालक अशीच ब्युइक घेऊन आला. ब्रेक लागत नाहीत, हे त्याने तिथे सांगितलेही. पुढे वर्कशॉपमधल्याच एकाने ती हलवायला घेतली, ब्रेकचे त्याच्या डोक्यातून गेले, आणि दुसऱ्या गाडीवर काम करत असलेला मेकॅनिक दोन गाड्यांच्या मध्ये सापडला. त्याचा उजवा पाय कापावा लागला.

खटला उभा राहिला तेव्हा कंपनीची बाजू वरवर पाहता भक्कम होती. ब्रेक नाहीत हे माहीत असूनही ज्याने गाडी चालवली, दोष त्याचा. कारखान्याचा संबंध काय? खालच्या कोर्टाने हे मान्य केले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तो निकाल फिरवला आणि खटला नव्याने चालवायला सांगितला. न्यायालयाचे म्हणणे असे की गाडी विकली म्हणजे उत्पादकाची जबाबदारी संपली असे नाही. जिवावर बेतणारा दोष विक्रीनंतर लवकरच कळला, तर गाडी वापरणाऱ्याला सावध करणे हे त्याचे कर्तव्य आहे. आणि नादुरुस्त ब्रेकची गाडी कुणीतरी विसरून चालवील, ही काही कल्पनेपलीकडची गोष्ट नव्हे. मोटार उद्योगात आज ज्याला रिकॉल म्हणतात, म्हणजे सदोष गाड्या जाहीरपणे परत बोलावून दुरुस्त करून देणे, त्याचा कायदेशीर पाया शोधत गेले तर वाट अशा एका फसलेल्या ब्रेकपाशी येते.

या इतिहासातून दिसणारी गोष्ट अशी की रिकॉलचा गाभा दुरुस्ती नाही, कळवणे आहे. दुरुस्ती करायला कंपन्यांनी क्वचितच कुरकूर केली. ब्युइकच्या बाबतीत तर किट फुकट दिले होते. नको होता तो बोभाटा. अमेरिकेच्या कायद्याची घडण पाहिली तर हा क्रम स्पष्ट दिसतो. राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक १९६५ मध्ये गाजले आणि सप्टेंबर १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने कंपनीवर घातलेले बंधन होते पत्राचे: दोष सापडला तर पहिल्या खरेदीदाराला रजिस्टर पत्राने कळवा. दुरुस्ती फुकट करून द्यावी ही सक्ती आली ती १९७४ च्या दुरुस्तीने. आठ वर्षे कायदा केवळ माहितीवर उभा होता. याला कोणी अर्धवट कायदा म्हणेल. पण मालकाच्या हातात एकदा पत्र पडले की डीलरपुढे जाऊन बसायला त्याला वकील लागत नाही, हे ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांनी ओळखले होते.

तक्रारी आल्या म्हणजे दोष असतोच का, हा यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि त्याच्या बाजूनेही ब्रेकचाच इतिहास उभा राहतो. जनरल मोटर्सच्या १९८० च्या 'एक्स' मालिकेतल्या, शेव्हरोले सायटेशनसारख्या, कुटुंबासाठी बनवलेल्या गाड्यांची मागची चाके ब्रेक मारल्यावर जाम होतात आणि गाडी घसरते, अशा तक्रारी आल्या. सरकारने १९८३ मध्ये सुमारे ११ लाख गाड्यांसाठी कंपनीला कोर्टात खेचले. १९८७ मध्ये सरकार हरले आणि पुढच्या वर्षी अपिलातही हरले. कुठल्याही गाडीची चाके जोरदार ब्रेकखाली घसरू शकतात. ही गाडी इतर गाड्यांपेक्षा जास्त घसरते हे सरकारला सिद्ध करता आले नाही. ऑडी ५००० चे प्रकरण तर याहून गाजले. ब्रेक दाबूनही गाडी आपोआप सुसाट सुटते, असा आरोप १९८६ मध्ये अमेरिकी टीव्हीवर झाला आणि अमेरिकेतली ऑडीची वार्षिक विक्री १९८५ च्या सुमारे ७४ हजारांवरून १९९१ पर्यंत १२ हजारांच्या आसपास आली. सरकारी तपासाचा निष्कर्ष १९८९ मध्ये आला: बहुतेक घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता.

हे दोन निकाल बाजूला सारून चालणार नाही. तक्रारींचा ढीग म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले, आणि खोट्या घबराटीची किंमत कंपनीला किती मोजावी लागते हेही. तरीही या दोन्ही प्रकरणांतून गप्प बसण्याच्या बाजूने काही निघत नाही. तक्रारींची नोंद एका जागी झाली, म्हणूनच एकीकडे कोर्टाला आणि दुसरीकडे तपासनिसांना त्या खोट्या की खऱ्या हे पाहता आले; कंपनी निर्दोष ठरली तीही चार भिंतींच्या आत नव्हे, उघड्यावर. शिवाय ऑडीने गिअर लीव्हर 'पार्क'मधून काढण्यापूर्वी ब्रेक दाबायलाच लावणारे कुलूप गाड्यांत बसवले, आणि आज ऑटोमॅटिक गाडीत आपल्याला ते कुलूप इतके अंगवळणी पडले आहे की ते कधीकाळी नव्हते हे आठवत नाही. चूक चालकाची ठरली तरी सुधारणा गाडीत झाली. आपल्याकडे घाटात ट्रक किंवा जीप उलटली की बातमीत 'ब्रेक निकामी झाल्याने' एवढे छापून येते आणि विषय तिथेच संपतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेक तापवले, नकली पॅड बसवले, की पाइपातच खोट होती, हे विचारायला पुढे कोणी जात नाही. चालकाच्या चुकीचा आक्षेप खरा मानला तरी त्याला नोंद लागते, आणि इथे नोंदच नाही.

नोंद असून ती लपवली तर काय होते, त्याचे उदाहरण जपानने दिले. तिथे रिकॉलची व्यवस्था १९६९ पासून होती. तरी २००० साली खबर मिळून परिवहन मंत्रालयाचे अधिकारी मित्सुबिशी मोटर्समध्ये पोहोचले, तेव्हा ग्राहकांच्या तक्रारींचे कागद कपडे बदलण्याच्या खोलीतल्या लॉकरमध्ये सापडले. सरकारला दाखवायच्या तक्रारी वेगळ्या आणि दडवायच्या वेगळ्या, अशी ही रीत वीस वर्षांहून जास्त काळ चालली होती. डीलरमार्फत गुपचूप दुरुस्ती हा त्याचाच दुसरा भाग. म्हणजे ब्युइकच्या काळातला मार्ग कायद्यानंतरही बंद झाला नव्हता, फक्त आता तो लॉकरमधून जात होता.

याच कंपनीच्या पजेरोने पुढची पायरी गाठली. आपल्याकडे पजेरो म्हटले की पुढाऱ्यांचा ताफा डोळ्यांसमोर येतो. चीनमध्येही ती सरकारी खात्यांची आवडती गाडी होती. सप्टेंबर २००० मध्ये निंगशिया या डोंगराळ, वाळवंटी भागात तिथल्या आयात-तपासणी खात्याच्याच पजेरोचे ब्रेक चालत्या गाडीत गेले. गाडीखाली जाऊन पाहिले तर मागच्या आसाकडे जाणारा ब्रेक ऑइलचा पाइप घासून फाटला होता. मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह तिथे असतो. खडबडीत रस्त्यावर आस वर-खाली होताना पाइप त्या व्हॉल्व्हला टेकत होता आणि हजारो किलोमीटरमध्ये थोडा थोडा झिजत होता. डांबरी रस्त्यावर हे कदाचित कधी कळलेही नसते. ज्या रस्त्यांसाठी म्हणून ही गाडी विकली जात होती, त्याच रस्त्यांनी तिचा दोष बाहेर काढला. ९ फेब्रुवारी २००१ रोजी चीनने पजेरोच्या व्ही-३१ आणि व्ही-३३ या मॉडेलांची आयात थांबवली, आणि सुमारे ७२ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. तोवर चीनकडे रिकॉलचा नियमच नव्हता. तो मार्च २००४ मध्ये जाहीर झाला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याची कारणे एकापेक्षा जास्त असतील, पण त्या झिजलेल्या पाइपाने विषय लोकांच्या तोंडी आणला यात शंका नाही.

एसयूव्हीच्या बाबतीत ब्रेकचा प्रश्न अधिक नाजूक होतो, त्याचे कारण वजन. दोन टनांहून जड गाडी नुसत्या पायाच्या जोराने थांबवणे कठीण, म्हणून पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बूस्टर असतो. निर्वात दाबाच्या मदतीने तो पायाचा जोर वाढवतो. हा पत्र्याचा डबा इंजिनच्या मागे, पाणी आणि धूळ पोहोचेल अशा जागी बसलेला असतो. क्रायस्लरने २०१४ मध्ये जीप ग्रँड चेरोकी आणि डॉज डुरँगो या ८ लाख ६७ हजारांहून अधिक एसयूव्ही परत बोलावल्या त्या यासाठीच: बूस्टरचे कवच गंजून आत पाणी शिरू शकत होते आणि थंडीत ते गोठले तर ब्रेक कमी पडणार होते. मर्सिडीजने २०२२ च्या जूनमध्ये एमएल, जीएल आणि आर-क्लास गाड्यांसाठी केलेल्या रिकॉलचे कारणही गंजच. बूस्टरभोवतीच्या रबरी आवरणाखाली ओल साठत होती, आणि गंज फार वाढला असेल तर जोराने ब्रेक मारताना पेडल आणि ब्रेक यांचा संबंधच तुटण्याची शक्यता होती. जगभरच्या ९ लाख ९३ हजारांहून अधिक गाड्या, २००४ ते २०१५ दरम्यान बनलेल्या. अमेरिकेत मालकांना सांगितले गेले की गाडी चालवूच नका, आम्ही टो करून नेतो. ह्युंदाई आणि किआ यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ३४ लाख गाड्यांसाठी, त्यात सांता फे, सोरेंटोसारख्या एसयूव्हीही होत्या, दिलेला इशारा तर आणखी चमत्कारिक होता: ब्रेकच्या एबीएस युनिटमध्ये ऑइल गळून शॉर्टसर्किटने आग लागू शकते, म्हणून गाडी घराबाहेर, मोकळ्यावर लावा.

असे आकडे वाचून पूर्वीच्या गाड्या बऱ्या होत्या, असे म्हणणारे भेटतात. हा आक्षेप मात्र लवकर निकालात निघतो. अमेरिकेत दोन स्वतंत्र सर्किटांचे हायड्रॉलिक ब्रेक सक्तीचे झाले ते १९६८ मध्ये. त्याआधी बहुतेक गाड्यांत एकच सर्किट असे, आणि एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जात. त्या काळी रिकॉल थोडे होते, कारण कळवायची पद्धत नव्हती. रिकॉलची संख्या दोषांबरोबर उघडेपणाचेही माप आहे, आणि ही दोन मापे वेगळी करता येत नाहीत, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

भारतात मोटार उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, जुलै २०१२ मध्ये ऐच्छिक रिकॉलची संहिता आणली. ऐच्छिक म्हणजे काय, हे पुढच्याच वर्षी दिसले: २००५ ते २०१३ दरम्यान बनलेल्या १ लाख १४ हजार शेव्हरोले टवेरा परत बोलावल्या गेल्या, आणि चाचणीसाठीच्या इंजिनांत कंपनीच्याच लोकांनी फेरफार केले होते हे उघड झाले. कायद्याचे कलम २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने आले आणि नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते, आणि टाळाटाळ करणाऱ्या कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. कंपन्या आपणहून पुढे येतात याचीही चांगली उदाहरणे आहेत. मारुतीने ऑक्टोबर २०२२ मध्ये वॅगन-आर, सेलेरिओ आणि इग्निसच्या ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेकमधल्या एका पिनसाठी बोलावल्या, आणि त्या ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर या काळात बनलेल्या होत्या इतका नेमका हिशेब दिला. पण त्याच बाजारात 'मोफत तपासणी' आणि 'सर्व्हिस कॅम्पेन' ही नावेही सुखाने नांदतात, आणि त्यांतल्या कशाखाली सुट्या भागाची साधी सुधारणा आहे आणि कशाखाली जिवाचा धोका, हे गाडी सर्व्हिसिंगला टाकणाऱ्याला बिलावरून कळत नाही.

नियमांतली सर्वांत मोठी फट मात्र वयाची आहे. आपले नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते आहेत. ही मर्यादा सियामच्या संहितेतून जशीच्या तशी पुढे आली. कंपन्यांचा युक्तिवाद असा की जुन्या गाडीची निगा मालकाने कशी राखली यावर त्यांचा ताबा नसतो. टायर, पॅड, वायपर यांच्याबाबत हे पटते. गंजाबाबत पटत नाही, कारण ओल धरून ठेवणारे आवरण मालकाने बसवलेले नसते, आणि गंजायला वर्षेच लागतात. मर्सिडीजच्या त्या गाड्यांना ही अट लावली असती तर जवळजवळ सगळ्याच यादीबाहेर पडल्या असत्या. अमेरिकेत फुकट दुरुस्तीची मुदत १९७४ मध्ये आठ वर्षे होती, ती २००० मध्ये दहा आणि २०१५ मध्ये पंधरा झाली. आपल्याकडे खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते. सात वर्षांची एसयूव्ही इथे भंगारात जात नाही, ती विकली जाते: शहरातून तालुक्याला, घरातल्या वापरातून भाड्याच्या धंद्यात, कोकणच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात. पहिल्या मालकाच्या नावाने गेलेले पत्र तिथवर पोहोचायचे तर कंपनीच्या जुन्या ग्राहकयादीवर विसंबून भागणार नाही; पत्ता 'वाहन' या सरकारी वाहन-नोंदणी प्रणालीतून काढावा लागेल, आणि ती नोंद सरकारकडे आधीच आहे.