क्योकोनं घेतलेला वेळ



आज आम्ही तुम्हाला जपानच्या टोकियो शहरातल्या एका पडक्या, लाकडी घराची गोष्ट सांगणार आहोत. 'मेझोन इक्कोकु' या गाजलेल्या चित्रमालिकेतलं हे घर. आपण ज्याला कार्टून म्हणतो, त्याला जपानी लोक अ‍ॅनिमे म्हणतात, आणि तिकडे ते मोठ्या माणसांसाठीही बनतं. ही कथा लिहिली आणि चितारली रुमिको ताकाहाशी या बाईंनी. १९८० ते १९८७ ती नियतकालिकातून छापून आली. १९८६ ते १९८८ या काळात तिचे ९६ भाग टीव्हीवर दिसले. गोष्ट हसवणारी, प्रेमाची. पण तिची नायिका आहे एक तरुण विधवा.

आधी अशी घरं आली कुठून ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली बॉम्बहल्ल्यांत टोकियोचा मोठा भाग जळून गेला. पुढे कारखाने उभे राहिले आणि गावाकडची मुलंमुली कामाला शहरात येऊ लागली. पंधरा-सोळा वर्षांची पोरं शाळा सुटली की खास आगगाड्यांत बसून यायची. कारखानदार त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणायचे. एवढ्या माणसांना राहायला जागा हवी, म्हणून स्वस्तातली दुमजली लाकडी घरं बांधली गेली. एकेक खोली जेमतेम नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद. संडास सगळ्यांत मिळून एक. अंघोळीला गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात जायचं, तेही पैसे देऊन. भिंती इतक्या पातळ की शेजारचा खोकला ऐकू यावा.

मालिकेतलं 'इक्कोकु-कान' हे अशाच तऱ्हेचं घर. एक नंबरच्या खोलीतल्या इचिनोसे बाई दारू चढली की पंखे घेऊन नाचतात. चार नंबरचे योत्सुया काय कामधंदा करतात ते कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी पाच नंबरच्या भिंतीला भोक पाडलंय आणि त्यातून ते खुशाल ये-जा करतात. सहा नंबरची आकेमी बारमध्ये कामाला जाते. पाच नंबरमध्ये गोदाई नावाचा मुलगा कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायला बसतो, आणि बाकीचे नेमके त्याच्याच खोलीत मैफल जमवतात.

अशा घरात क्योको व्यवस्थापक म्हणून येते. शाळा संपल्यावर लगेच तिनं एका शिक्षकाशी लग्न केलं होतं. वर्षाच्या आतच तो वारला. घर सासऱ्यांच्या मालकीचं. त्यांनी सुनेला तिथं काम दिलं. अंगण झाडायचं, गळकं छप्पर बघायचं, भाडं गोळा करायचं, भांडणं मिटवायची. राहायला तिला स्वतःची खोली मिळाली. आपण घरात जे काम बिनपगारी करतो, तेच तिथं नोकरी म्हणून मानलं गेलं. तिच्या कुत्र्याचं नाव मात्र तिनं नवऱ्याचंच ठेवलंय, सोइचिरो. दुःख असं रोज हाकेसरशी शेपूट हलवत समोर येतं.

आता कायद्याकडे वळू. जपानच्या १८९८ च्या कायद्यात घराचा कर्ता पुरुष सर्वेसर्वा होता. त्याच्या संमतीशिवाय घरातल्या कुणाला लग्न करता येत नसे. १९४७ साली नवी राज्यघटना लागू झाली. तिच्यातल्या स्त्री-पुरुष समानतेच्या कलमांचा मसुदा बेआटे सिरोटा या अवघ्या बावीस वर्षांच्या मुलीनं केला होता. लग्न दोघांच्या राजीखुशीनंच व्हावं आणि नवरा-बायकोचे हक्क सारखे असावेत, असं चोविसाव्या कलमानं ठरवलं. कर्त्याची सत्ता गेली.

पण एक अट राहिलीच. पहिलं लग्न संपल्यावर बाईनं सहा महिने दुसरं लग्न करायचं नाही. पुरुषाला असं काही बंधन नव्हतं. मुलाचा बाप कोण यावर वाद नको, हे त्यामागचं कारण सांगितलं जाई. २०१६ साली ही मुदत शंभर दिवसांवर आली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती अट रद्द झाली.

म्हणजे बघा, कायदा बाईला थांब म्हणत होता. क्योकोची आई मात्र घाई कर म्हणत होती. घरी ये, चांगल्या स्थळाला हो म्हण. स्थळही होतं, श्रीमंत आणि देखणं. क्योको मात्र ना कायद्याच्या दिवसांवर चालली, ना आईच्या. तिनं स्वतःची वर्षं घेतली, पाच-सहा तरी. तिला ती घेता आली, कारण हाताला काम होतं आणि डोक्यावर छप्पर. सासऱ्यांनीही तिला बांधून ठेवलं नाही. तू तरुण आहेस, तुझं बघ, असंच त्यांचं म्हणणं.

शेवटी ती गोदाईशी लग्न करते. तो तिच्याहून लहान, पैशानं तंग. लहान मुलं सांभाळायचं शिक्षण घेऊन तो पाळणाघरात नोकरीला लागतो. पहिल्या नवऱ्याला विसर, असं तो म्हणत नाही. सोइचिरोच्या समाधीपुढे उभा राहून तो सांगतो, की तुमच्या आठवणींसकट मी तिला स्वीकारतो. तिची त्याच्याकडे एकच मागणी असते, की त्यानं तिच्यानंतर एक दिवस तरी जास्त जगावं. लग्नानंतरही तिचं काम सुटत नाही. बाळाला घेऊन ते दोघं इक्कोकु-कानमध्येच परत येतात.

मैत्रिणींनो, आपल्या गटातही एखादी एकटी राहिलेली बहीण असते. तिनं लग्न करावं की करू नये, यावर गावात सगळ्यांची मतं तयार असतात. पुढच्या बैठकीत मत द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारू. तिच्या हाताला काम आहे का? राहतं घर तिचं आहे का, तिथून तिला कुणी काढू तर शकत नाही ना? एवढं झालं, की पुढचं ठरवायला तिला हवा तेवढा वेळ घेऊ द्या.