झेली मार्टिन : एका मातेचें पाचारण

ह्या स्मरणिकेंत मंदिराचा पाया घालणारे, घंटा आणविणारे, शाळा चालविणारे अशा पुष्कळांचीं नांवें वाचकांस आढळतील, व तीं आढळावीं हें योग्यच आहे. परंतु बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या चाळून पाहणारास एक गोष्ट ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. बालकाच्या नांवापाठोपाठ तेथें मातेचें नांव असतें, आणि त्या नांवापलीकडे तिच्याविषयीं एक अक्षरहि नसतें. तिनें किती रात्री जागून काढल्या, किती लेंकरें मातीआड केलीं, तेर्साच्या वेळीं पेंगणाऱ्या मुलांस कसें जागें ठेवलें, ह्याची नोंद कोणीं ठेवली नाहीं.

“पाचारण” हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें सेमिनरींतील विद्यार्थी अगर मठाच्या दाराशीं उभी असलेली तरुणी येते. जिला मठांत जाणें घडलें नाहीं तिचें लग्न झालें, असें आपण सहज बोलून जातों. जणूं देवानें एकीस हाक मारली आणि दुसरीस तो विसरला! असें म्हणणारांपुढें एका मातेचा वृत्तांत ठेवावा असें आम्हीं योजिलें आहे. तिच्या हातचीं दोनशेंहून अधिक पत्रें सुदैवानें शिल्लक आहेत, त्यामुळें इतर मातांप्रमाणें तिचें आयुष्य वहींतल्या एका ओळींत संपलें नाहीं. बाळ येशूच्या संत तेरेझाची आई म्हणून जग तिला ओळखतें. ती तेवढ्यापुरतीच ओळखली जावी, हें मात्र आम्हांस पटत नाहीं.

फ्रान्स देशाच्या नॉर्मंडी प्रांतांत आलांसों नांवाचें शहर आहे. त्याच्या आसपासच्या एका खेड्यांत २३ डिसेंबर १८३१ रोजीं मारी-आझेली गेरँ हिचा जन्म झाला. घरीं तिला झेली म्हणत. बाप लष्करांत नोकरी करून पुढें पोलीस दलांत गेलेला; आई धर्मनिष्ठ खरी, पण करड्या शिस्तीची. आपलें बालपण आनंदावांचून गेलें, खेळण्यास साधी बाहुलीहि मिळाली नाहीं, असें झेलीनें पुढें भावास लिहिलेल्या पत्रांत आढळतें. मायेचा असा दुष्काळ भोगलेली मुलगी स्वतः आई झाल्यावर एकतर तशीच कठोर होते, नाहीं तर उलट टोंकास जाते. झेलीनें मुलांस माया भरभरून दिली, आणि शिस्तहि सोडली नाहीं.

तरुणपणीं तिचें मन संन्यस्त जीवनाकडे ओढ घेत होतें. आलांसों येथील रुग्णालयांत संत व्हिन्सेंट दे पॉल ह्यांच्या संघाच्या भगिनी सेवा करीत. त्यांच्याकडे ती गेली. मठमातेनें तिला स्पष्ट सांगितलें कीं, देवाची तशी इच्छा दिसत नाहीं. झेलीची थोरली बहीण पुढें ल माँ शहरांतील व्हिजिटेशन मठांत गेली. झेलीस मात्र दारावरूनच परतावें लागलें. तेव्हां तिनें देवाजवळ मागणें केलें कीं, मला लग्न करावयाचें असेल तर पुष्कळ मुलें दे आणि तीं सर्व तुझीं होऊं दे. मठाचें दार बंद झालें म्हणून हाक बंद झाली, असें तिनें मानलें नाहीं.

घरची स्थिति बेताची होती. हुंड्याची तरतूद नव्हती. ८ डिसेंबर १८५१ रोजीं, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशीं, आलांसोंची लेस करविण्याचा धंदा काढावा अशी अंतःप्रेरणा तिला झाली. ही लेस केवळ सुईनें विणतात. एकेक तुकडा कित्येक हातांतून जातो. एक बाई आराखड्यावर टांका घाली, दुसरी जाळी भरी, तिसरी फुलें उठवी. हीं सर्व कामें स्त्रिया आपापल्या घरीं करीत व झेलीकडे आणून देत. ते तुकडे सांधा दिसूं न देतां एकमेकांस जोडणें हें सर्वांत अवघड काम. तें झेली स्वतः करी. हीच कला २०१० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत नोंदिली आहे. झेलीनें १८५३ च्या सुमारास हा धंदा काढिला आणि मरेपर्यंत तो सोडिला नाहीं. मागणी वाढली कीं रात्ररात्र बसावें लागे, मंदी आली कीं कामकरी बायांची चिंता लागे. पत्रांत ती ह्या धंद्याविषयीं कुरकुर करते, आणि तरीहि त्या बायांस वाऱ्यावर सोडीत नाहीं.

लुई मार्टिन हा त्याच शहरांतील घड्याळजी. त्यालाहि आल्प्स पर्वतांतील संत बर्नार्डच्या मठांत जावयाचें होतें. परंतु लॅटिन येत नाहीं म्हणून त्यास परत पाठविलें होतें. दोन मठांनीं परत लाविलेल्या ह्या दोघांचा विवाह १३ जुलै १८५८ रोजीं मध्यरात्रीं आलांसोंच्या नोत्र दाम मंदिरांत झाला. पहिले दहा महिने उभयतांनीं ब्रह्मचर्यानें काढले. मग एका धर्मगुरूच्या सल्ल्यानें तो बेत त्यांनीं सोडिला. ह्या धर्मगुरूचें नांव प्रसिद्ध नाहीं, परंतु ख्रिस्तसभेवर त्याचे उपकार लहान नाहींत.

१८६० ते १८७३ ह्या तेरा वर्षांत त्यांना नऊ अपत्यें झालीं. मारी, पोलीन, लेओनी, एलेन, जोसेफ नांवाचे दोन मुलगे, सेलीन, मेलानी-तेरेझ आणि शेवटीं २ जानेवारी १८७३ रोजीं जन्मलेली तेरेझ. पतिपत्नी दररोज पहाटे साडेपांचच्या मिस्सेस जात. रविवारीं लुईचें दुकान बंद असे. गिऱ्हाइकें दुसरीकडे जातात असें मित्र सांगत, पण त्यानें तें उघडलें नाहीं. पुढें १८७० मध्यें त्यानें आपलें दुकान भाच्यास विकलें व पत्नीच्या धंद्याचा प्रवास आणि हिशेब अंगावर घेतला. नवऱ्यानें बायकोच्या धंद्यास हातभार लावावा, हें त्या काळीं किती जणांस रुचलें असेल कोण जाणे! आमच्याकडेहि पहाटे भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारास निघणाऱ्या माता कमी नव्हत्या, आणि त्यांच्या घरीं तेर्स चुकला असें कोणीं म्हणूं नये.

पुढें दुःखाचे दिवस आले. जोसेफ नांवाचा पहिला मुलगा पांच महिन्यांचा होऊन फेब्रुवारी १८६७ मध्यें गेला. दुसरा आठ महिन्यांचा होऊन ऑगस्ट १८६८ मध्यें. फेब्रुवारी १८७० मध्यें एलेन गेली. ती पांच वर्षांची, चालती बोलती होती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मेलानी-तेरेझ ही दोन महिन्यांचीहि न होतां दाईच्या हयगयीमुळें दगावली. चार वर्षांच्या आंत चार पेट्या घरांतून निघाल्या. तीं मुलें जन्मलींच नसतीं तर बरें, असें सांत्वन करणाऱ्या बाया तेव्हांहि होत्या. झेलीस हें बोलणें सहन होत नसे. आपलीं मुलें कायमचीं हरवलीं नाहींत, तीं स्वर्गांत आहेत व पुन्हां भेटतील, असें तिनें भावजयीस लिहिलें. परंतु तिची श्रद्धा कोरड्या डोळ्यांची नव्हती. एलेनच्या मरणानें आपणहि मरूं असें तिला वाटलें होतें. पुढच्याच जानेवारींत प्रशियन सैन्य आलांसोंमध्यें शिरलें, आणि त्या दुखवट्याच्या घरांत नऊ सैनिकांस ठेवून घ्यावें लागलें.

तेरेझ जन्मली तीहि अशक्त. १८६५ पासून झेलीच्या स्तनांत गांठ होती, त्यामुळें मुलांस अंगावर पाजणें तिला जमेना. मार्च १८७३ मध्यें मूल आतां हातचें जातें अशी अवस्था झाली. लुई गांवीं नव्हता. उजाडण्याची वाट पाहून झेली एकटीच पायीं निघाली व दोन-अडीच कोसांवरील सेमाले गांवाहून रोझ नांवाच्या शेतकरणीस घेऊन आली. ही बाई तिच्या ओळखीची व भरंवशाची होती. मुलीस तिच्या ओटीांत देऊन झेली वर गेली आणि संत योसेफाच्या मूर्तीपुढें गुडघे टेकले. खालीं येऊन पाहते तों मूल दूध पीत होतें. पुढें वर्षभर तेरेझ त्या शेतकरणीच्या झोंपडींत गाईगुरांमध्यें वाढली. ज्या संतेस आज सारें जग मानतें, तिला जगविण्यांत एका गरीब बाईच्या दुधाचा असा वांटा आहे.

परंतु झेलीच्या मातृत्वाची खरी कसोटी तेरेझापायीं लागली नाहीं. ती लागली तिसऱ्या मुलीपायीं, आणि ह्या मुलीविषयीं आपल्या प्रवचनांत फारसें बोललें जात नाहीं. लेओनी ३ जून १८६३ रोजीं जन्मली. पहिलें दीड वर्ष ती मरणाच्या दारांत होती. वांचली, पण बुद्धीनें मंद, स्वभावानें हट्टी, आणि बहिणींहून सर्वच बाबतींत मागें. मावशीच्या मठांतील शाळेंत तिला दोनदां पाठविलें आणि दोनदां तिला परत आणावें लागलें. थोरल्या दोघी त्याच शाळेंत चमकत होत्या! ह्या मुलीचें पुढें काय होणार, ही काळजी झेलीच्या पत्रांतून सारखी डोकावते. माया करून पाहिली, रागावून पाहिलें, नवस केले. कांहींच लागू पडेना.

फेब्रुवारी १८७७ मध्यें ल माँच्या मठांतील ती मावशी निवर्तली. लेओनीचें मन बदलावें अशी प्रार्थना तुम्ही स्वर्गांतून करा, असें झेलीनें बहिणीस आधींच विनविलें होतें. त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरल्या मारीच्या ध्यानांत आलें कीं, घरांतली मोलकरीण लेओनीस गुपचूप धाकांत ठेवीत असे, आणि मुलीनें आईपेक्षां तिचेंच ऐकावें अशी तिनें तिला संवय लाविली होती. इतकीं वर्षें हें घरांत चाललें होतें व आईस त्याचा पत्ता नव्हता. झेलीस झालेलें दुःख वाचतांना आजहि अंतःकरण हलतें. तिनें स्वतःचा बचाव केला नाहीं. मोलकरणीस मुलीशीं बोलण्याची बंदी केली आणि लेओनीस आपल्याजवळ घेतलें. ती मुलगी, जी आजवर दूर पळे, आतां आईचा पदर सोडीना.

आणि नेमका तेव्हांच वेळ संपत आला होता. डिसेंबर १८७६ मध्येंच डॉक्टरांनीं सांगितलें होतें कीं, गांठ शस्त्रक्रियेपलीकडे गेली आहे. तोंवर मरणास शांतपणें सामोरी जाणारी झेली आतां जगण्याची इच्छा करूं लागली. लेओनीस आपली गरज आहे, हें कारण तिनें पत्रांत लिहिलें आहे. जून १८७७ मध्यें थोरल्या तिघींस घेऊन ती लूर्दच्या यात्रेस गेली व तेथील थंड पाण्यांत चार वेळां उतरली. प्रवासांत फार हाल झाले. रोग बरा झाला नाहीं. परत आल्यावर तिनें मुलींचेंच समाधान केलें.

२८ ऑगस्ट १८७७ रोजीं, मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला असतां, झेलीनें प्राण सोडिला. वय पंचेचाळीस. तो दिवस संत अगस्तीनचा सण होता, आणि बहकलेल्या मुलासाठीं त्याच्या आईनें, संत मोनिकेनें, किती वर्षें अश्रु ढाळले हें वाचकांस ठाऊकच आहे. तेरेझ तेव्हां साडेचार वर्षांची होती. लुई मुलींस घेऊन लिझ्यू येथें मेहुण्याच्या गांवीं राहावयास गेला.

पुढचा इतिहास बहुश्रुत आहे. पोलीन, मारी, तेरेझ आणि सेलीन ह्या चौघी लिझ्यूच्या कार्मेल मठांत गेल्या. तेरेझ १८९७ सालीं निवर्तली, १९२५ मध्यें संत म्हणून घोषित झाली, आणि १९२७ मध्यें संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या जोडीनें मिशनांची आश्रयदात्री ठरली. त्या नात्यानें आपला देशहि तिच्या पदराखालीं आहे. लुई व झेली ह्यांस १९ ऑक्टोबर २००८ रोजीं धन्यवादित व १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं परमगुरू फ्रान्सिस ह्यांनीं संत म्हणून घोषित केलें. रक्तसाक्षी सोडल्यास पतिपत्नींस एकाच वेळीं संतपद मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

लेओनी मात्र सहजासहजीं कोठेंच स्थिर झाली नाहीं. १८८६ सालीं ती आलांसोंच्या क्लॅरिस्ट मठांत गेली व थोड्याच आठवड्यांत परतली. काँ शहरांतील व्हिजिटेशन मठांतूनहि तिला दोन वेळां घरीं यावें लागलें. २८ जानेवारी १८९९ रोजीं ती चौथ्या खेपेस मठाच्या दाराशीं उभी राहिली, आणि ह्या वेळीं परत आली नाहीं. बेचाळीस वर्षें साधी, कोणाच्या नजरेंत न भरणारी भगिनी म्हणून राहून जून १९४१ मध्यें ती वारली. तिच्या आईबापांस संतपद मिळालें त्याच २०१५ सालीं लेओनीस धन्यवादित घोषित करण्याविषयींची चौकशीहि बाये-लिझ्यू धर्मप्रांतानें सुरू केली.