हातातल्या कानाची कुळकथा

ठाण्याहून भिवंडीकडे निघालं की माजिवड्यानंतर बाळकुम नाका लागतो. जुन्या आग्रा रस्त्यावरचा हा नाका. पुढे कशेळीचा पूल, मग काल्हेर आणि गोदामांचा मुलूख. रस्त्यावर कंटेनरची रांग, डोक्यावर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो-५ चा मार्ग, एकीकडे आगरी-कोळ्यांचं जुनं गावठाण आणि दुसरीकडे उंच टॉवर. हळदीच्या रात्री बेंजो वाजतो गावठाणात, आणि ऐकू येतो टॉवरच्या विसाव्या मजल्यावर. आवाज किती होता, असं विचारलं तर दोन घरांतून दोन उत्तरं येतात आणि दोन्ही खरी असतात. मांडवातल्या माणसाला तो लग्नघराचा आनंद वाटतो. वर कुशीत तान्हं मूल घेऊन बसलेल्या आईला वाटतं, ही रात्र कधी संपणार!

या दोघांच्या मध्ये तिसरं उत्तर देणारी वस्तू म्हणजे ध्वनिमापक, बोलीत डेसिबल मीटर. दिसायला टीव्हीच्या रिमोटचा थोरला भाऊ. वरच्या टोकाला निमुळती मान, मानेवर छोटा मायक्रोफोन आणि त्यावर काळ्या फोमचा गोळा. खाली पडद्यावर एक आकडा सतत खालीवर होत असतो. हा आकडा थर्मामीटरच्या पाऱ्यासारखा सरळ निसर्गातून येतो, असं वाटतं. तो तसा येत नाही. माणसाचा कान काय ऐकतो आणि काय सोडून देतो, याविषयी शंभर वर्षांपूर्वी काही माणसांनी जे ठरवलं, त्यातून तो तयार होतो.

या आकड्याचं मूळ गाव टेलिफोनच्या तारेत आहे. तार जितकी लांब, तितका पलीकडचा आवाज क्षीण. हे क्षीण होणं मोजायला अमेरिकेतले टेलिफोन इंजिनिअर ‘प्रमाणित केबलचा एक मैल’ हे माप वापरत. १९२४ च्या सुमाराला त्यांनी ते सोडून लॉगॅरिदमवर बेतलेलं नवं एकक घेतलं आणि १९२८ मध्ये त्याला डेसिबल हे नाव दिलं. त्यातला ‘बेल’ म्हणजे टेलिफोनचे अलेक्झांडर ग्रॅहम बेल, आणि ‘डेसि’ म्हणजे दहावा भाग. हा लॅटिन ‘डेसि’ आणि आपला ‘दश’ एकाच घरातले; म्हणजे डेसिबलला दशांश बेल म्हटलं तरी नातं जुळतं. बेल यांचं निधन १९२२ मध्येच झालं होतं. त्यांच्या आईला ऐकू येत नसे, पत्नी मेबल यांनाही नाही, आणि त्यांनी स्वतः कर्णबधिर मुलांना शिकवण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. गोंगाटाच्या मापाला या माणसाचं नाव लागलं, हे कळल्यावर तो आकडा थोडा वेगळा दिसू लागतो.

तारेतलं हे माप रस्त्यावर आलं ते मोठ्या शहरांच्या त्राग्यामुळे. सुरुवातीला यंत्र नव्हतंच, कानच यंत्र होता. न्यू यॉर्कमध्ये १९२६ साली एडवर्ड एल्वे फ्री यांनी श्रवणशक्ती तपासायचं उपकरण घेऊन शहराचा गोंगाट मोजला. कानाला लावलेल्या रिसीव्हरमधला ठरावीक आवाज कमीजास्त करायचा आणि रस्त्याच्या कल्लोळात तो नेमका कुठे बुडतो ते टिपायचं. इंग्लंडमध्ये ए. एच. डेव्हिस यांनी तर नुसता नादकाटा वापरला. काटा वाजवून कानाशी धरायचा आणि गोंगाटात त्याचा नाद किती सेकंदांत हरवतो ते घड्याळात बघायचं. युक्ती छान होती. पण प्रत्येकाचा कान वेगळा, म्हणजे दोन माणसं, दोन आकडे. बाळकुमची अडचण तेव्हा न्यू यॉर्कलाही होतीच.

कानाची जागा घेणारी वस्तू टेलिफोनच्याच कारखान्यात तयार होती. ई. सी. वेंटे यांनी १९१६-१७ मध्ये कंडेन्सर मायक्रोफोन बनवला होता. धातूचा ताणलेला पातळ पडदा, त्याच्या मागे अगदी जवळ एक पट्टी. हवेचा दाब बदलला की पडदा हलतो, पडदा आणि पट्टीमधलं अंतर बदलतं आणि त्याचा विद्युत संकेत होतो. १९३० मध्ये न्यू यॉर्कच्या आयोगाने ‘सिटी नॉइज’ हा अहवाल काढला; त्यासाठी मोजणीची सामग्री लादलेला ट्रक शहरभर फिरवला गेला. ध्वनिमापक तेव्हा हातात मावत नव्हता, त्याला गाडी लागे.

पण यंत्राला कान होऊन भागणार नव्हतं, त्याला माणसाचा कान व्हायचं होतं. आपला कान सगळ्या स्वरांशी सारखा वागत नाही. मधल्या पट्टीतला आवाज तो चटकन पकडतो, खर्जातला हलका आवाज त्याच्या गावीही नसतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांच्या आधाराने १९३६ मध्ये अमेरिकेत ध्वनिमापकाचं पहिलं तात्पुरतं मानक आलं आणि त्यात दोन चाळण्या ठरल्या: हलक्या आवाजासाठी ‘ए’, मध्यमासाठी ‘बी’. मोठ्या आवाजासाठी ‘सी’ १९४४ मध्ये जोडली गेली. तीन आवाजांना तीन चाळण्या, असा शहाणा बेत होता. वापराच्या सोयीत तो मोडला. ‘ए’ सगळीकडे चालू लागली, ‘बी’ बाद झाली, ‘सी’ कोपऱ्यात गेली. आज कायद्यात, सरकारी अहवालात, वर्तमानपत्रात जो डीबी(ए) दिसतो, त्यातला ‘ए’ हा हलक्या आवाजासाठी बेतलेला आहे. पुढे डीजेच्या भिंतीशी त्याची गाठ पडणार होती.

नंतरचा प्रवास आकाराचा. व्हॅक्यूम ट्यूबच्या जागी ट्रान्झिस्टर आले, डेन्मार्कच्या ब्रुएल अँड केअरचे मापक १९६० च्या दशकात हातात धरून नेता येऊ लागले. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन शोधला आणि मायक्रोफोन स्वस्त झाला. २००२ च्या आयईसी ६१६७२ या आंतरराष्ट्रीय मानकाने हातातल्या मापकांचे दोन वर्ग केले, वर्ग १ नेमका आणि वर्ग २ कामचलाऊ पण विश्वासाचा.

महाराष्ट्रात या वस्तूचं भाग्य उजळलं ते कोर्टात. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६. लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाऊ नये. कागदावर सगळं चोख होतं. पण ५५ कुठे संपतात आणि ५६ कुठे सुरू होतात हे कोण सांगणार? हवालदाराच्या कानावर कुणाला शिक्षा होत नाही.

ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. रस्त्यावरचे मांडव आणि उत्सवातला आवाज हे तिचे विषय. ऑगस्ट २०१६ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने तिच्यावर सविस्तर निकाल दिला. लाउडस्पीकर लावणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, हे त्यात स्पष्ट झालं. पण या प्रकरणातली सगळ्यात जमिनीवरची गोष्ट होती खरेदीची. राज्यातल्या पोलिसांकडे यंत्रं असल्याशिवाय नियम राबवायचे कसे, हा प्रश्न आला आणि १,८४३ ध्वनिमापक घेण्याचा आकडा पुढे आला. मुंबईत ‘आवाज फाउंडेशन’च्या सुमैरा अब्दुलअली त्याआधी कितीतरी वर्षं हातात मीटर घेऊन मिरवणुकांच्या कडेला उभ्या राहत होत्या. त्यांची आणि ठाण्याच्या याचिकेची मागणी मुळात एकच होती: त्रास सांगून भागत नाही, तो मोजा आणि लिहा.

मोजणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, हे मात्र मीटर हातात आल्यावरच कळतं.

पहिलं काम जुळवणीचं. कॅलिब्रेटर हा मुठीत मावणारा एक जाड डबा असतो, त्याच्या एका तोंडाला गोल भोक. फोमचा गोळा काढायचा, मायक्रोफोन त्या भोकात हलक्या हाताने पूर्ण बसवायचा आणि कॅलिब्रेटर चालू करायचा. आत १,००० हर्ट्‌झचा एकसुरी सूर निघतो आणि पडद्यावर ९४.० यायला हवं. चौऱ्याण्णवच का? कारण हा सूर बरोबर १ पास्कल दाबाचा असतो. ऐकू येण्याचा उंबरठा २० मायक्रोपास्कल धरला आहे. १ पास्कल त्याच्या ५०,००० पट, आणि त्या पटीचे डेसिबल होतात ९४. भोवतालच्या हवेचा दाब सुमारे १ लाख पास्कल असतो. म्हणजे कानठळ्या बसवणारा हा सूर हवेला लाखात एक इतकंच हलवतो. पडद्यावर ९३.६ आलं तर जुळवणी करून ९४.० वर आणायचं, आणि आधी काय आलं होतं तेही वहीत लिहायचं.

मग उभं राहायचं कसं? भिंतीला पाठ लावून नाही, कारण भिंत आवाज परत फेकते. मोजणाऱ्याची छातीही तेच करते, म्हणून मीटर हात लांब करून धरायचा किंवा ट्रायपॉडवर ठेवायचा, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर. जुळवणीसाठी काढलेला फोमचा गोळा परत बसवायचा आणि मोजताना काढायचा नाही. खाडीवरचा वारा मायक्रोफोनच्या जाळीवरून गेला की तो स्वतःच गुरगुरतो आणि मीटर ती गुरगुर डीजेच्या खात्यात जमा करतो. ‘फास्ट’ ठेवलं तर आकडा सेकंदाच्या आठव्या भागाने हलतो, ‘स्लो’ ठेवलं तर सेकंदाने.

आणि कायद्याला लागतो तो यांतला कुठलाच क्षणाचा आकडा नाही. नियमांत आहे एलईक्यू, म्हणजे काळावर पसरलेली सरासरी, आणि ती ऊर्जेची असते. इथे भलेभले फसतात. तासातली ५९ मिनिटं ५० डेसिबलची शांतता आणि एकच मिनिट १०० डेसिबलची मिरवणूक असेल, तर शाळेतल्या हिशेबाने सरासरी ५१ च्या आत येते. मीटर दाखवतो ८२. ते एक मिनिट उरलेल्या सगळ्या तासाला गिळून टाकतं. तसंच, एका स्पीकरच्या भिंतीशेजारी तेवढीच दुसरी आणून लावली तर आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ ने वाढतो. ‘७५ चे ७८ झाले, एवढं काय त्यात’ असं म्हणणाऱ्याने रस्त्यावर दुसरी भिंत उभी केलेली असते.

आता त्या ‘ए’ चाळणीकडे परत यायला हवं. ६३ हर्ट्‌झच्या खर्जाला ही चाळणी २६ डेसिबलची सूट देते, ५० हर्ट्‌झला ३०. डीजेचा धक्का नेमका याच भागात असतो. खिडकीची काच थरथरते, छातीत ठोका बसतो, स्वयंपाकघरातली भांडी किणकिणतात आणि मीटर सभ्य आकडा दाखवतो. ‘सी’ चाळणी ६३ हर्ट्‌झला एक डेसिबलही कापत नाही. आणि ‘सी’ आपल्या कायद्याला अनोळखी नाही. फटाक्यांसाठी १९९९ पासून मर्यादा आहे ती फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डीबी(एआय) किंवा १४५ डीबी(सी) शिखर. सुतळी बॉम्बसाठी जी चाळणी चालते, ती स्पीकरच्या भिंतीसाठी का नको? बहुतेक मापकांवर ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही निवडायची सोय असते. मिरवणुकीच्या नोंदीत दोन्ही आकडे लिहिले गेले पाहिजेत. त्या दोहोंतलं अंतर हाच खर्जाचा पुरावा आहे.

पुरावा म्हटलं की निगा आली. खाडीकाठची हवा दमट. मायक्रोफोनचा पडदा काही मायक्रॉनचा. त्याला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, पुढची जाळी फिरवून काढायची नाही. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवायची. उत्सव संपला की बॅटऱ्या बाहेर काढायच्या, कारण कपाटात वर्षभर पडलेली बॅटरी पाझरते आणि यंत्र मरतं. फोम जुना झाला की त्याचा भुगा जाळीत अडकतो. गोळा तेव्हाच बदलायचा. आणि वर्षातून एकदा मीटर आणि कॅलिब्रेटर दोन्ही एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथल्या प्रमाणपत्राची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. खटला उभा राहिला की बचावाचा वकील आधी याच कागदाची तारीख बघणार. मोबाइलवरचं ॲप इथे कामाचं नाही. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बेतलेला, आणि त्याच्या मागे कुठलीही साखळी नाही. तक्रार करावी की नाही हे ठरवायला मात्र ते पुरतं.

मोजणी संपली, भिंती ट्रकवर चढल्या, रस्त्यावर गुलाल उरला, तरी मीटरचं एक काम बाकी असतं. फोम काढून मायक्रोफोन पुन्हा कॅलिब्रेटरच्या भोकात बसवायचा. सुरुवातीच्या ९४.० पेक्षा अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला तर मधली सगळी मोजणी बाद धरायची रीत आहे. पडद्यावर ९३.९ येतं. पंचनाम्यावर वेळ, जागा, मीटरचा क्रमांक लिहिला जातो, त्याखाली दोन आकडे, आधीचा आणि नंतरचा, आणि पंचांच्या सह्या होतात.