गोळीचा तोल

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मिलफर्डमध्ये फ्रँकलिन मॅन नावाचा एक डॉक्टर होता. त्याला पैसा मिळवून दिला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी ताजी हाडं बारीक करणाऱ्या यंत्राने. हा पैसा त्याने एका प्रश्नावर उधळला: बंदूक तीच, दारू तितकीच, गोळी एकाच साच्यातली, मग दुसरी गोळी पहिलीच्या भोकातून का जात नाही?

तेव्हाचे नेमबाज वाऱ्याला, नळीला, नाहीतर स्वतःच्या हाताला बोल लावत. मला मॅन आवडतो तो यासाठी, की त्याने आधी माणूसच बाजूला काढला. जमिनीत पक्का ओटा बांधला, त्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच असलेला आधार बसवला आणि त्यात नळी ठेवली. ओट्याला नाव दिलं ‘जिब्राल्टर’, त्या प्रसिद्ध खडकावरून. आता हात थरथरला म्हणायची सोयच उरली नाही!

मग त्याने गोळ्या मुद्दाम बिघडवायला घेतल्या. काहींची टोकं खराब केली, काहींचे बूड. वाटेत पातळ कागदाचे पडदे लावून गोळी कुठून कशी गेली ते पाहिलं. टोकाच्या खोडीने फारसं बिघडत नव्हतं. बुडाच्या खोडीने गोळी भरकटायची. तुम्ही-आम्ही पैज लावली असती तर टोकावर लावली असती. पण नळीतून सर्वात शेवटी बाहेर पडतं ते बूड. ते तिरकं असेल तर मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. हॅरी पोप हा नळ्या घडवणारा नामांकित कारागीर. त्याच्या बंदुकीत काडतूस मागून आणि शिशाची गोळी तोंडातून भरायची सोय होती, ती या बुडासाठीच. नळीतल्या खाचांनी खरवडलेलं शिसं मग बुडाशी साचत नसे.

तरी एक चोर उरलाच: गोळीचा तोल. मॅनने तोल मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्याही झाडून पाहिल्या. एखाद्या गोळीच्या आत एका बाजूला बारीकशी पोकळी असेल, तर वस्तुमानाचा मध्य अक्षावरून सरकतो. नळीत ती गोळी अक्षाभोवतीच फिरायला बांधलेली असते. बाहेर पडताच हा सरकलेला मध्य गोफणीतल्या दगडासारखा स्पर्शरेषेत सुटतो. इथे तराजू फसवा. तो किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही.

हिशोब आजच्या .२२ रायफलवर करून पाहा. गोळी नळीच्या साधारण ४०६ मिलिमीटर लांबीत एक फेरा घेते. मध्य ०.०१ मिलिमीटर सरकला, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी, तर ५० मीटरवर गोळी सुमारे पावणेआठ मिलिमीटर बाजूला जाते. आणि तिथलं दहा गुणांचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर व्यासाचं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, ४५१.४ गुणांवर. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, त्यामुळे एकेक मिलिमीटर महागात पडतो.

.२२च्या काडतुसात पेट घेणारं रसायन पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं. मोठ्या काडतुसासारखं ते घरी उघडून, दारू तोलून पुन्हा भरता येत नाही. काही नेमबाज काठाची जाडी मोजून काडतुसं वेगळी करतात. पण गोळीच्या पोटातली पोकळी काठ मोजून कशी कळणार? मला ही मेहनत प्रामाणिक वाटते, पण अर्धीच.

म्हणून बरेच अव्वल नेमबाज काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रात स्वतःची रायफल घेऊन जातात. तिथे ती शिकंजात घट्ट आवळतात, म्हणजे पुन्हा जिब्राल्टरच. एकेका लॉटच्या गोळ्या झाडतात, कागदावरचा पुंजका मोजतात. जो लॉट त्या नळीला मानवतो त्याचे खोके परवडतील तितके विकत घेतात. शेजारच्या नेमबाजाला तोच लॉट मानवेलच असं नाही. खोके संपले की पुन्हा पहिल्यापासून.